भिन्नछेद बैजिक अपूर्णांकांची बेरीज

छेद वेगवेगळे असलेले बैजिक अपूर्णांक समच्छेद करून मिळवण्याची रीत. अंश आणि छेद दोन्ही बहुपदी असलेल्या अशा अपूर्णांकांना शालेय गणितात ‘गुणोत्तरीय बैजिक राशी’ असेही म्हणतात. मिळवायचे असतात ते अंश, पण छेद सारखे झाल्याशिवाय त्यांना हात लावता येत नाही. त्यामुळे सगळी मेहनत छेदावर होते. मुंबईतली सेमी इंग्रजीची मुले याला ‘एलसीएम काढणे’ म्हणतात, त्यांच्या आजोबांच्या तोंडी ‘लसावि’ (लघुतम साधारण विभाज्य) असतो.

समच्छेद हा शब्द जुना आहे. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (इ. स. ११५०) संख्यांच्या अपूर्णांकांसाठी दोन वाटा दिल्या आहेत : एकाच्या छेदाने दुसऱ्याचे अंश-छेद गुणावेत, किंवा छेदांना आधी सामाईक अवयवाने भागून उरलेल्या लहान संख्यांनी गुणावेत. दुसरी वाट म्हणजेच लसाविची. बीजगणितात तीच सोयीची, मात्र त्याआधी छेदांचे अवयव पाडावे लागतात.

उदा., ३/(क्ष² − ४) + २/(क्ष² − ५क्ष + ६). पहिला छेद (क्ष − २)(क्ष + २), दुसरा (क्ष − २)(क्ष − ३). सामाईक (क्ष − २) एकदाच घ्यायचा, म्हणून लसावि (क्ष − २)(क्ष + २)(क्ष − ३). प्रत्येक अंशाला आपापल्या छेदात नसलेल्या अवयवाने गुणले की ३(क्ष − ३) + २(क्ष + २) = ५क्ष − ५. उत्तर : ५(क्ष − १)/[(क्ष − २)(क्ष + २)(क्ष − ३)]. छेदांचा सरळ गुणाकार केला तरी उत्तर तेच येते, पण (क्ष − २) दोनदा येऊन बसतो आणि शेवटी काढावा लागतो.

छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस ते ठाणे हा पल्ला सुमारे ३४ किमी. जाताना स्लो लोकलचा सरासरी वेग ताशी क्ष किमी आणि येताना फास्टचा त्याहून १७ किमी जास्त धरला, तर एकूण वेळ ३४/क्ष + ३४/(क्ष + १७) तास. इथे सामाईक अवयव नाही, लसावि म्हणजे छेदांचा गुणाकारच : ३४(२क्ष + १७)/[क्ष(क्ष + १७)]. क्ष = ३४ घातल्यास ५/३ तास, म्हणजे जाताना ६० आणि येताना ४० मिनिटे.

हमखास होणारी चूक म्हणजे अंशात अंश, छेदात छेद मिळवणे. अर्धा आणि अर्धा असा मिळवून पाहिला तर २/४, म्हणजे पुन्हा अर्धाच हाती येतो. वजाबाकीत कंस विसरल्याने दुसऱ्या अंशाच्या पहिल्याच पदाचे चिन्ह बदलते, बाकीची पदे तशीच राहतात. एका छेदात (क्ष − २) आणि दुसऱ्यात (२ − क्ष) असेल तर लसावि वाढवू नये. दुसऱ्यातून उणे चिन्ह बाहेर काढले की दोन्ही अवयव एकच ठरतात.

छेद शून्य करणाऱ्या किमती मूळ अपूर्णांकांवरूनच वगळायच्या असतात; वरच्या पहिल्या उदाहरणात २, −२ आणि ३. उत्तरात एखादा अवयव पुढे छाटला गेला, तरी त्याची किंमत वगळलेलीच राहते.