प्रभूवर सोडलं म्हणजे गोळ्याही सोडायच्या?

आमच्या गिरगावातल्या शेजारच्या मावशींनी येशूच्या तसबिरीमागे बीपीच्या गोळ्यांची पट्टी खोचून ठेवली होती. अर्धी भरलेली. "सगळं प्रभूच्या हाती दिलंय, आता गोळी घेतली तर अविश्वास नाही का?" हे कुणी शिकवलं देव जाणे, पण समज जुना आहे: ख्रिस्ताला पूर्ण शरण जायचं म्हणजे स्वतःची इच्छा मारायची, हातपाय गाळून बसायचं.

बायबलमध्ये तसं नाही. क्रूसावर जाण्याच्या आदल्या रात्री गेथशेमानेच्या बागेत येशूनं देवाकडे आधी स्पष्ट मागितलं, हा प्याला, म्हणजे येऊ घातलेलं दुःख, माझ्यापासून दूर कर. मग म्हणाला, तरी माझ्या नव्हे, तुझ्या इच्छेप्रमाणे होवो (लूक 22:42). म्हणजे स्वतःची इच्छा होती, ती त्यानं बोलून दाखवली आणि मग सोपवली. समर्पण म्हणायचं ते हे.

येशूचा संदेश गावोगाव नेणाऱ्या पौलाने तर सारं आयुष्य वाहून टाकलं होतं, तरी करिंथात तो तंबू शिवून पोट भरत होता. पोटाच्या तक्रारीवर त्यानं आपल्या तरुण सहकाऱ्याला, तीमथ्याला, थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितलं, नुसती प्रार्थना कर म्हणाला नाही. सोबती लूकला तर त्यानं पत्रात 'प्रिय वैद्य' म्हटलंय.

लांब कशाला, वांद्र्याचं होली फॅमिली रुग्णालय चालवतात कोण? आज्ञापालनाचं व्रत घेतलेल्या सिस्टर्सच, म्हणजे ननच ना! तिथल्याच माउंट मेरी चर्चमध्ये बरं व्हावं म्हणून मेणाचे हातपाय वाहणारेही प्लास्टर घालूनच घरी येतात.

मावशींना एवढंच म्हटलं, "प्रार्थना करा, पण पाण्याचा पेला हातात घेऊन." पट्टी आता टेबलावर असते.