टाइलला फट का हवी?

'झिरो जॉइंट' हा शब्द सध्या टाइलच्या दुकानांत जोरात खपतोय. ओट्याचं काम निघालं की घरमालकही मिस्त्रीला बजावतो, फटी दिसता कामा नयेत, त्यात घाण बसते. मिस्त्रीला काय, तेवढीच मेहनत वाचते. फुलीच्या आकाराचे प्लास्टिकचे स्पेसर पिशवीतच राहतात आणि टाइलला टाइल भिडते.

स्पेसर रेघा सरळ येण्यासाठी असतात, हे अर्धंच खरं. एकाच खोक्यातल्या टाइलही मापाला तंतोतंत सारख्या नसतात आणि तो बारीक फरक 2-3 मिलिमीटरच्या फटीत जिरतो, हेही खरं. पण खरी गंमत अशी, की टाइल वाढते.

तापली की वाढते, हे शाळेत झालंय. मीटरभर सिरॅमिक 1 अंशाला साधारण 6-7 मायक्रॉन (मिलिमीटरचे हजारावे भाग) वाढतं आणि गार झालं की मूळ मापावर येतं. दुसरी वाढ मात्र परत फिरत नाही. भट्टीत साधारण 450 ते 700 अंशांदरम्यान मातीच्या स्फटिकांत बांधलेलं पाणी वाफ होऊन निघून जातं. भट्टीतून बाहेर पडल्या क्षणापासून टाइल हवेतली आर्द्रता शोषू लागते. हे नुसतं ओलं होणं नव्हे. पाण्याचे रेणू हायड्रॉक्सिल गटांच्या रूपात पुन्हा मातीशी रासायनिक बंध जोडतात आणि टाइल किंचित फुगते. उन्हात वाळवून ते सुटत नाहीत, त्यासाठी 500 अंशांच्या आसपास तापवावं लागतं.

या फुगण्याचा वेग फार विलक्षण आहे. वाढ काळाच्या चौथ्या मुळाच्या प्रमाणात होते. पहिल्या दिवशीची वाढ 1 मानली, तर ती 2 व्हायला 16 दिवस, 3 व्हायला 81 आणि 4 व्हायला 256 दिवस लागतात. म्हणजे सुरुवातीला झपाट्याने, मग मंद, पण थांबत कधीच नाही. मँचेस्टर आणि एडिनबरोच्या संशोधकांनी यावरूनच 2009 मध्ये जुन्या विटांचं वय काढायची पद्धत मांडली. कँटरबरीची एक मध्ययुगीन वीट जेमतेम 66 वर्षांची निघाली! दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बफेकीच्या आगीत तापून तिचं घड्याळ शून्यावर आलं होतं. या पद्धतीच्या अचूकतेवर वाद आहेत, ते असोत.

आपल्याकडच्या जुन्या पांढऱ्या टाइलच्या ओट्यावर केसाएवढ्या भेगांचं जाळं दिसतं, त्यात हळद उतरून पिवळं पडलेलं. आतली माती फुगली, वरची काचेसारखी झिलई फुगली नाही, म्हणून ती तडकली. व्हिट्रिफाइड टाइलची छिद्रं भट्टीतच बुजतात, त्यामुळे ती फारच कमी फुगते. पण तापल्यावर तीही वाढतेच.

त्यात खालचं सिमेंट वाळताना आकसतं. वर वाढ, खाली आकस, आणि फट नाही. अशा रांगेत अर्धा मिलिमीटर जास्त झाला आणि तो 30 सेंटीमीटरच्या दोन टाइलच्या सांध्यावर आला, तर त्या तंबूसारख्या उठतील. किती? पायथागोरस लावा: कर्ण 300, पाया 299.75, म्हणून उंची साधारण 12 मिलिमीटर! टाइल रात्री 'फाट' आवाज करत उचलली गेली, की काही घरांत वास्तुदोष निघतो आणि शांतीचा खर्च होतो. टाइल मात्र तशीच बद्द वाजत राहते.

फट ठेवली म्हणजे सगळं भागलं असंही नाही. फटीत भरायचं सिमेंटचं मिश्रण, म्हणजे ग्राउटही कडकच, पण टाइलपेक्षा मऊ असल्याने थोडा दाब सोसतं. ओटा जिथे भिंतीला टेकतो, त्या कोपऱ्यात मात्र ग्राउट न भरता सिलिकॉन भरावं. तिथे दोन पृष्ठभाग वेगवेगळ्या दिशांनी हलतात, ग्राउट तडकतं आणि पाणी आत शिरतं. आणि चिकटवणं सुकलं, की ग्राउटआधी स्पेसर काढून घ्यायला सांगा, नाहीतर त्यांच्यावर ग्राउटचा थर पातळ बसतो आणि फुलीच्या जागी पोपडे सुटतात.