खोडावरचं दगडफूल खरवडू नका

आंब्याच्या खोडावर राखाडी-हिरवट चट्टे दिसले की झाडाला रोग लागला असं समजून ते खरवडून काढणारे पुष्कळ आहेत. तो रोग नाही, दगडफूल आहे. गोड्या मसाल्यात पडतं ते याच्याच भाऊबंदांपैकी. खोडावर ते फक्त बसतं, झाडाचं अन्न खात नाही. उलट आजूबाजूची हवा कशी आहे, हे त्याच्यावरून कळू शकतं.

दगडफूल म्हणजे बुरशी आणि शैवाल यांचा जोडसंसार. बुरशी आसरा देते, ओल धरते. शैवाल उन्हात साखर तयार करून दोघांना पोसतं.

त्याला मुळं नसतात. पानांवर असतो तसा मेणचट थर नसतो, उघडझाप करणारी रंध्रंही नसतात. पाऊस, धुकं, दव, धूळ जे येईल ते सगळ्या अंगानं शोषलं जातं. हवेतला सल्फर डायऑक्साइड, म्हणजे धुरातला गंधकाचा वायू, या ओलीत विरघळतो, आम्ल आणि बायसल्फाइट हे घातक संयुग तयार होतात. हरितद्रव्याच्या रेणूच्या मध्यभागी मॅग्नेशियमचा अणू असतो. आम्ल तो हुसकावून लावतं आणि त्याच्या जागी हायड्रोजन येतो. उरतं ते तपकिरी फिओफायटिन. त्याला प्रकाशसंश्लेषणाचं काम जमत नाही. शैवाल उपाशी, म्हणून बुरशीही उपाशी. कोरडं दगडफूल जवळपास निद्रिस्त असतं, त्यामुळे हा घात मुख्यतः ते ओलं असताना होतो. शिवाय दरवर्षी पानगळ करून विष टाकून देण्याची सोय त्याला नाही. कित्येक वर्षांचे जड धातू अंगात साठत जातात आणि प्रयोगशाळेत ते मोजता येतात.

पॅरिसच्या लक्झेंबर्ग बागेत शहराच्या इतर भागांपेक्षा जास्त दगडफुलं होती, याचा संबंध दगडफुलांचा अभ्यासक विल्यम नायलँडरनं १८६६ सालीच स्वच्छ हवेशी जोडला होता. १९७० मध्ये हॉक्सवर्थ आणि रोझ या अभ्यासकांनी दगडफुलांवरून हवा जोखायची शून्य ते दहा अशी पट्टीच इंग्लंड-वेल्ससाठी बनवली. शून्य म्हणजे खोडावर एकही दगडफूल नाही. दहा म्हणजे शुद्ध हवा.

ती पट्टी जशीच्या तशी इथे लावणं मात्र चूक. आपल्या जाती वेगळ्या, पाऊस वेगळा. आणि ‘दगडफूल दिसलं म्हणजे हवा शुद्ध’ असे जे संदेश फिरतात तेही खोटे. लेकॅनोरा कोनिझॉइडिस ही जात ब्रिटनच्या गंधकयुक्त धुरात उलट फोफावली होती, आणि हवा सुधारल्यावर कमी झाली. झँथोरिया या नारिंगी-पिवळ्या दगडफुलाला नायट्रोजनयुक्त हवा मानवते. म्हणून किती आहे यापेक्षा कोणतं आहे हे आधी पाहायचं.

दगडफुलांवरून दोन ठिकाणच्या हवेची तुलना करायची तर एकाच जातीची, सारख्या वयाची झाडं आणि खोडावरची सारखी उंची घ्या. निलगिरी आणि पेरू वगळा. ते साल टाकतात, तिच्याबरोबर दगडफूलही जातं.