पुनर्वसित गाव (मराठवाडा)

आपत्तीत उद्ध्वस्त झालेल्या गावातील लोकांना नव्या जागी एकत्र वसवून उभारलेल्या वस्तीस पुनर्वसित गाव म्हणतात. मराठवाड्यात हा शब्द उच्चारताच ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर लातूर व उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यांत वसलेली गावे डोळ्यांसमोर येतात.

अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून गावे झोपी गेली होती. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी बसलेल्या धक्क्यात मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती कोसळल्या आणि उन्हाळ्यात घर थंड ठेवणारे मातीचे जड माळवद झोपलेल्यांच्या अंगावर आले. सुमारे आठ हजार माणसे दगावली. जागतिक बँकेच्या साहाय्याने १९९४ मध्ये सुरू झालेल्या पुनर्वसन कार्यक्रमात ५२ गावे पूर्णपणे नव्या जागी हलवण्यात आली, तर कमी नुकसान झालेल्या घरांची जागच्या जागी दुरुस्ती व मजबुतीकरण झाले.

नव्या गावात कुटुंबाच्या जमीनधारणेनुसार २५० ते ७५० चौरस फुटांचे घर मिळाले. घर मिळाले तरी शेजार मिळतोच असे नाही, आणि पुनर्वसनातील सर्वांत अवघड काम तेथेच असते. जुन्या गावठाणात घराला घर लागून होते. ओसरीवर बसलेल्या म्हातारीला गल्लीतून जाणारा प्रत्येक जण ओळखीचा असे आणि भिंतीपलीकडून हाक मारली की ओ येई. आखीव, रुंद रस्त्यांच्या नव्या गावात घरे मापानुसार रांगेने बसवली, तर भावकी आणि जुना शेजार पांगतो, शिवाय शेतही दूर पडते. धान्याचे बळद, कडब्याची गंजी, बैलांची दावण यांना आराखड्यात फारसे स्थान नव्हते. म्हणून लोकांनी पक्क्या घराच्या अंगाला पत्र्याचे छप्पर टाकून चूल आणि गोठा तेथे नेला. या भरीला अतिक्रमण म्हणणे अन्यायाचे आहे, कारण कुटुंबाने नव्या जागेत मांडलेला खरा संसार तोच होय.

लोकांशी बोलून काम झाले तेथे चित्र बरेच वेगळे दिसते. दुरुस्तीच्या टप्प्यात अनुदान हप्त्याहप्त्याने घरमालकाच्या हाती देण्यात आले. माळवदावरची माती कमी करणे, भिंतीत आरपार दगड बसवणे, तुळयांना तिरपे आधार देणे ही कामे लोकांनी स्वतः करवून घेतली. स्वयम् शिक्षण प्रयोग या संस्थेच्या पुढाकाराने महिला मंडळांना ‘संवाद सहायक’ म्हणून नेमण्यात आले. मिळणारी रक्कम, पुढचा हप्ता, सिमेंटवर मारायचे पाणी यांची माहिती या बाया घरोघरी जाऊन देत आणि अडलेल्या कामाची तक्रार अधिकाऱ्यांपर्यंत नेत. एरवी चारचौघांत डोक्यावरचा पदर सावरत मागे उभ्या राहणाऱ्या बायका ग्रामसभेत बोलू लागल्या. कितीतरी विधवांना आपले दुःख सांगायला हक्काची जागा प्रथम या मंडळांतच मिळाली.

मुलांचा प्रश्न निराळा होता. शांतिलाल मुथ्था यांच्या भारतीय जैन संघटनेने सुमारे १२०० मुलांना शिक्षणासाठी पुण्याला नेले. वाघोलीचे शैक्षणिक केंद्र त्यातूनच उभे राहिले. या मुलांना पुस्तकांइतकीच रात्री दिवा मालवल्यावर धीर देणाऱ्या माणसाची गरज होती.

२००१ मध्ये कच्छमध्ये भूकंप झाला, तेव्हा मराठवाड्यातील महिला मंडळांच्या बाया तेथील गावांत गेल्या आणि घर पुन्हा कसे उभे करायचे, हप्ता कसा मागायचा, हे तेथील बायकांशेजारी बसून त्यांनी सांगितले.