जुन्या काडतुसावरचं ‘३’ म्हणजे ३ ड्रॅम दारू नव्हे

अमेरिकेत छर्‍यांच्या बंदुकीची (शॉटगनची) जुनी कागदी काडतुसं जपणारे आणि रिकाम्या टरफलांत पुन्हा दारू-छर्रे भरणारे हौशी लोक पुष्कळ आहेत. मेण चढवलेल्या कागदाची नळी, पितळी बूड, तोंडावरच्या पुठ्ठ्याच्या चकतीवर छापलेले ‘३ – १⅛ – ८’ हे आकडे: मधला छर्‍यांचं औंसांतलं वजन, शेवटचा छर्‍यांच्या आकाराचा क्रमांक. जीव जडावा अशीच वस्तू! पण त्यातल्या पहिल्या आकड्याबद्दल वर्षानुवर्षं सांगितलं जातं, “आत ३ ड्रॅम दारू आहे, तेवढीच भरायची.”

हे साफ चूक आहे आणि जिवावर बेतणारं आहे.

काळ्या दारूच्या (बंदुकीच्या धूर करणाऱ्या जुन्या दारूच्या) जमान्यात ड्रॅम हे खरोखरच दारूचं माप होतं. १ ड्रॅम म्हणजे सुमारे १.७७ ग्रॅम. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बिनधुराची दारू आली. ती कितीतरी जोरकस. गिऱ्हाइकाच्या अंगवळणी मात्र जुनंच माप पडलेलं, म्हणून कंपन्या ‘ड्रॅम इक्विव्हॅलंट’ छापू लागल्या. ३ ड्रॅम काळी दारू तेवढेच छर्रे ज्या वेगाने फेकेल, तो या काडतुसाचा वेग, एवढाच त्याचा अर्थ. १२ बोअरमध्ये (बोअर म्हणजे बंदुकीच्या नळीच्या व्यासाचं माप) १⅛ औंस छर्‍यांसाठी तो सेकंदाला साधारण १२०० फूट. सुरुवातीची काही बिनधुराची ‘बल्क’ दारू जुन्याच मापट्याने भरता येई; घोळ बहुधा तिथूनच वाढला.

आता हिशोब बघा. ३ ड्रॅम म्हणजे ५.३ ग्रॅम. अशा काडतुसात आजची दारू सहसा दीड ग्रॅमही नसते. तिथे ५.३ ग्रॅम ओतली तर बंदूक हातातच फुटेल, बोटं आणि डोळे जातील. भरती ठरवायची ती दारू बनवणाऱ्या कंपनीच्या तक्त्यावरून, तीही काट्यावर तोलून.