एका दिवसाच्या चार तारखा : ठाण्याच्या इतिहासाचा डेटाबेस बांधताना

मार्च १७३७ च्या अखेरीस मराठ्यांच्या फौजा खाडी ओलांडून साष्टी बेटावर उतरल्या आणि पोर्तुगिजांच्या हातून ठाणे गेले. चिमाजी अप्पांच्या वसई मोहिमेची ही सुरुवात. मोहिमेचे कागद तीन भाषांत आहेत : मराठ्यांची मोडी पत्रे, पोर्तुगिजांची पत्रे आणि शेजारच्या मुंबईतून सगळे डोळ्यांत तेल घालून पाहणाऱ्या इंग्रजांचे अहवाल. या दिवसांपैकी कोणताही एक घ्या, समजा बुधवार, २७ मार्च १७३७. पोर्तुगीज कारकून त्या दिवशी हीच तारीख घालेल, कारण पोर्तुगालने ग्रेगोरियन कालगणना १५८२ पासूनच स्वीकारली होती. मुंबईचा इंग्रज मात्र लिहील १६ मार्च १७३६. इंग्रज १७५२ पर्यंत ज्युलियन कालगणना पाळत. ती अठराव्या शतकात ११ दिवस मागे होती आणि त्यांचे वर्ष २५ मार्चला बदलत असे. काही लेखनिक सावधपणे ‘१७३६/३७’ असे जोडवर्ष घालत, सगळे नाही. मराठी पत्रात त्याच दिवशी फाल्गुन वद्य पक्षातली तिथी येईल. पाडवा चार-पाच दिवसांवर असल्यामुळे शक १६५८ च राहील. शुहूर सन, म्हणजे मराठी कागदांत अरबी शब्दांनी लिहिला जाणारा सन, दिला असेल तर ‘सबा सलासीन मया व अलफ’, म्हणजे ११३७.

आता मराठी वर्षे इसवी सनात बदलून ही सगळी पत्रे एका तक्त्यात भरा, ‘वर्ष’ असा एकच रकाना ठेवा आणि वर्षानुसार क्रम लावा. मुंबईचे पत्र सर्वांत वर जाईल. ठाणे पडायच्या वर्षभर आधीच मुंबईला ते पडल्याची खबर होती, असा ‘शोध’ त्यातून निघेल. कोणी खोटे लिहिलेले नाही, कोणी चुकीचे टंकलेलेही नाही. चूक रकान्याच्या रचनेत आहे.

म्हणून संशोधनासाठी डेटाबेस करताना पहिला नियम असा की साधनात काय लिहिले आहे आणि आपण त्यावरून काय ठरवले, या दोन गोष्टी कधीही एका रकान्यात ठेवायच्या नाहीत. दुसरा नियम त्यातूनच येतो. नोंदीचे सर्वांत लहान एकक म्हणजे घटना नाही, विधान. ‘अमुक कागद अमुक पानावर असे म्हणतो’ हे एक विधान. एका घटनेला अशी पाच, दहा, वीस विधाने जोडलेली असतात आणि ती एकमेकांशी भांडत असली तरी सगळी जपायची असतात.

प्रत्यक्षात पाच तक्ते पुरतात : साधने, विधाने, घटना, स्थळे, व्यक्ती. यांतला कळीचा तक्ता विधानांचा. त्यात प्रत्येक ओळीला स्वतःचा क्रमांक, साधनाचा क्रमांक, पान किंवा रुमालातला (दफ्तराच्या गाठोड्यातला) कागद, मूळ शब्द जसेच्या तसे, आणि ते विधान कोणत्या घटनेबद्दल आहे तो घटना-क्रमांक. शेवटी नोंद कोणी व कधी केली. घटनांचा तक्ता मुद्दाम हलका ठेवावा : एक क्रमांक, एक साधे नाव, प्रकार. ‘ठाणे मराठ्यांनी घेतले’ एवढेच. त्याची तारीख, सरदार, सैन्याचा आकडा हे सगळे विधानांतून येऊ द्यावे. वस्तुसंग्रहालये वापरतात ती ‘सीडॉक सीआरएम’ ही आंतरराष्ट्रीय मानक रचनाही घटनेलाच मध्यभागी ठेवून माणसे, जागा आणि काळ तिच्याशी जोडते. विकिडेटा या खुल्या ऑनलाइन माहितीसंचात एकाच गोष्टीबद्दल परस्परविरोधी विधाने आपापल्या संदर्भांसह नांदू शकतात, तेही याच विचाराने.

तारखेसाठी एक रकाना कधीच पुरत नाही, निदान पाच लागतात. मूळ तारीख अक्षरशः, कालगणना, ‘याच्या आधी नाही’, ‘याच्या नंतर नाही’, आणि रूपांतर कशाने केले. ‘मार्च १७३७’ एवढेच माहीत असेल तर आधीची सीमा १ मार्च आणि नंतरची ३१ मार्च. ‘पावसाळ्यात’ असे म्हटले असेल तर जून ते सप्टेंबर. नुसता महिना माहीत असताना तारखेच्या जागी १ भरून ठेवण्याची सवय फार घातक आहे. सहा महिन्यांनी ती खरी १ तारीख होती की जागा भरण्यापुरती, हे भरणाऱ्यालाही सांगता येत नाही. आयएसओ ८६०१ या मानकाच्या २०१९ सालच्या दुसऱ्या भागात अशा अर्धवट तारखांसाठी खुणा दिल्या आहेत : शंका असेल तर प्रश्नचिन्ह, अंदाज असेल तर ‘~’, अंक माहीतच नसेल तर त्याच्या जागी इंग्रजी एक्स. त्या शिकायला अर्धा तास लागतो आणि पुढचे सगळे गोंधळ वाचतात.

रूपांतराचे आडाखे सोपे आहेत, पण सीमेवर फसतात. शकात चैत्रापासून ३१ डिसेंबरपर्यंत ७८ मिळवायचे आणि जानेवारीपासून फाल्गुनअखेर ७९. शुहूर सन सूर्य मृग नक्षत्रात जातो तेव्हा, जूनच्या सुरुवातीला बदलतो. तिथपासून डिसेंबरअखेर ५९९, पुढे ६००. ११३७ मध्ये ६०० मिळवले की मार्च १७३७ बरोबर जुळतो. तिथीवरून नेमका दिवस काढताना आडाखा वापरू नये, जंत्री पाहावी. अधिक मास आणि क्षयतिथी आडाख्यात बसत नाहीत.

अकराव्या शतकात गेलो की आणखी एक पायरी वाढते. ठाण्यात १७८७ मध्ये पाया खणताना शिलाहार राजा अरिकेसरीचे ताम्रपट सापडले. त्यांत शक ९३९, पिंगल संवत्सर, कार्तिक पौर्णिमा आणि चंद्रग्रहण असे सगळे दिले आहे. शिवाय ही वर्षे ‘सरलेली’ आहेत असे स्पष्ट म्हटले आहे. ही मोठीच मेहेरबानी, कारण शक गत आहे की वर्तमान याचा उल्लेख नसला तर उत्तरात एका वर्षाचा फरक पडू शकतो. हिशोब ६ नोव्हेंबर १०१७ वर येतो. ग्रंथांत ही तारीख ज्युलियन असते. पोस्टग्रेससारखी डेटाबेस प्रणाली मात्र सर्व काळासाठी ग्रेगोरियनच धरते आणि १०१७ मध्ये दोहोंत ६ दिवसांचे अंतर होते. म्हणजे यंत्रात भरायची तारीख १२ नोव्हेंबर १०१७. ‘कालगणना’ हा रकाना नसेल तर पुढचा माणूस पुस्तकाशी ताडून पाहील आणि चांगल्या हेतूने बरोबर तारीख चुकीची करून ठेवील.

अंक वाचण्यातही घात होतो. अंबरनाथच्या शिवमंदिरातल्या लेखाचे वर्ष आधी शक ७८२ वाचले गेले, नंतर ९८२ असे दुरुस्त झाले. सन ८६० आणि सन १०६० यांत दोनशे वर्षे आहेत. जुने वाचन तक्त्यातून पुसून टाकू नये. ‘अमान्य’ असा शेरा मारून ठेवावे, कारण त्यावर विसंबून लिहिलेले जुने लेख वाचनालयांत आहेतच. ते हाती आलेल्याला हा आकडा कुठून आला हे कळायला हवे.

यंत्राच्या बाजूच्या अडचणी वेगळ्या. बहुतेकांची सुरुवात एक्सेलमध्ये होते आणि त्यात वावगे काही नाही, फक्त एक्सेलला १ जानेवारी १९०० च्या आधीची तारीख कळत नाही. १८५३ ची तारीख तो नुसता मजकूर म्हणून ठेवतो. त्यामुळे ‘१६-४-१८५३’ आणि ‘२-९-१८१६’ यांचा क्रम अक्षरांप्रमाणे लागतो आणि १८५३ वर जाते. वर्ष-महिना-दिवस या क्रमाने, महिना आणि दिवस दोन-दोन अंकी लिहिले की मजकूर असूनही क्रम बरोबर लागतो. उलट पानांचे ‘३-४’ असे आकडे तो आपणहून ३ एप्रिल किंवा ४ मार्च करून टाकतो. यावर उपाय एकच : भरायला बसण्याआधी सगळे रकाने ‘टेक्स्ट’ करावेत. नंतर केले तर बदललेले आकडे परत येत नाहीत.

देवनागरीचे म्हणाल तर ‘ऱ’ आणि ‘ॲ’ ही अक्षरे दोन तऱ्हांनी टंकता येतात. डोळ्यांना ती सारखी दिसतात, यंत्राला नाही, आणि शोध रिकामा येतो. एकाच अक्षराची वेगवेगळी रूपे एक करणारी युनिकोडची ‘एनएफसी’ प्रक्रिया ‘ऱ’ ची काळजी घेते. ‘ॲ’ साठी मात्र वेगळा बदली-नियम लिहावा लागतो. जुन्या छपाईतले ‘ठाणें’ मूळ मजकुरात अनुस्वारासकट ठेवावे आणि शोधासाठी ‘ठाणे’ असा दुसरा रकाना द्यावा. आकडे मूळ मजकुरात देवनागरी, हिशोबाच्या रकान्यात इंग्रजी. सीएसव्ही फाइल थेट दोनदा टिचकी मारून एक्सेलमध्ये उघडली तर अक्षरांचा चोथा दिसू शकतो, म्हणून ती ‘इम्पोर्ट’ करून यूटीएफ-८ निवडावे.

ठाणेकरांच्या जिव्हाळ्याची घटना घेऊ : १६ एप्रिल १८५३, शनिवार, बोरीबंदर ते ठाणे धावलेली आगगाडी. २१ मैल, म्हणजे सुमारे ३४ किलोमीटर, १४ डबे, सुमारे ४०० निमंत्रित. तारखेबद्दल वाद नाही, पण प्रवासाचा वेळ कुठे ५७ मिनिटे तर कुठे सव्वा तास दिलेला आहे. सरासरी काढून ६६ मिनिटे भरली तर कोणत्याही साधनात नसलेला आकडा आपण जन्माला घालतो. दोन विधाने, दोन ओळी, बस्स. गाडी सुटल्याची ३ वाजून ३५ मिनिटे ही वेळ मुंबईच्या स्थानिक घड्याळाची आहे. आजची भारतीय प्रमाणवेळ १९०६ मध्ये आली, आणि मुंबईने आपली ३९ मिनिटे मागची वेळ १९५५ पर्यंत चालवली. आजच्या घड्याळात ते ४ वाजून १४ मिनिटे होतात.

आणि ‘भारतातली पहिली रेल्वे’ हे शब्द घटनेच्या नावात घालू नयेत. मद्रासजवळ रेड हिल्सला १८३७ मध्ये दगड वाहणारी रेल्वे होती, रुडकीजवळ सोलानी जलसेतूच्या कामावर १८५१ मध्ये वाफेचे इंजिन चालले. ठाण्याचा मान प्रवासी रेल्वेचा आहे आणि तो पुरेसा मोठा आहे. ‘पहिली’ हे प्रकार, हद्द आणि व्याख्या ठरवून काढायचे उत्तर आहे. प्रकाराचा रकाना नीट भरला असेल तर डेटाबेस ते स्वतःच देतो.

स्थळांच्या तक्त्यात नावावर विसंबणे म्हणजे हमखास फसणे. शिलाहार लेखांतले श्रीस्थानक, इंग्रजांचे टॅना आणि थाना, आजचे ठाणे ही सगळी एकाच स्थळ-क्रमांकाची नावे, प्रत्येकाला ‘कधीपासून, कधीपर्यंत, कोणत्या भाषेत’ हे जोडायचे. उलट साष्टी दोन आहेत, एक ठाणे-मुंबईची आणि एक गोव्याची, दोन्ही पोर्तुगिजांच्या ताब्यातल्या. पोर्तुगीज पत्रातली साष्टी कोणती, हे आजूबाजूची गावे पाहिल्याशिवाय ठरवू नये. बेलापूरही दोन : एक नवी मुंबईतले, एक अहिल्यानगर जिल्ह्यातले. जिल्हा हा स्थळाचा कायमचा गुण मानू नये. वसई १ ऑगस्ट २०१४ पासून पालघर जिल्ह्यात आहे, त्याआधीच्या प्रत्येक यादीत ती ठाण्यात सापडेल. ‘नवी मुंबई’ हे नाव १९७० च्या आधीच्या घटनेला स्थळ म्हणून लावू नये. गावाचे नाव आणि अक्षांश-रेखांश द्यावेत, आजची महापालिका नकाशावरून आपोआप निघते.

साधनांच्या तक्त्यात सर्वाधिक दुर्लक्षित रकाना म्हणजे ‘हे कशावरून घेतले’. ठाण्यावरच्या असंख्य लेखांचा उगम १८८२ च्या सरकारी गॅझेटियरच्या ठाणे जिल्ह्याच्या खंडांत आहे. असे दहा लेख एक तारीख देत असतील तर ते दहा साक्षीदार नव्हेत, एकच आहे. यासाठी साधनाच्या ओळीत मूळ साधनाचा क्रमांक लिहावा आणि मोजताना मुळे मोजावीत, फांद्या नाहीत. तसेच तीन काळ वेगळे नोंदवावेत : घडले कधी, लिहिले कधी, छापले कधी. दुसऱ्या बाजीराव पेशव्यांचे कारभारी त्रिंबकजी डेंगळे सप्टेंबर १८१६ मध्ये ठाण्याच्या किल्ल्यातल्या कैदेतून निसटले. मोतद्दाराने (घोड्याची निगा राखणाऱ्या नोकराने) खिडकीखाली गाण्यातून बेत कळवला, ही हकिकत कलकत्त्याचे इंग्रज बिशप हेबर यांनी १८२० च्या दशकाच्या मध्यात आपल्या प्रवासवर्णनात लिहिली, ते छापले गेले १८२८ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर. पलायन ही घटना आहे. गाणे हे आठ-नऊ वर्षांनंतरचे विधान आहे. ते गाळू नये, पण पलायनाच्या ओळीत मिसळूही नये.

काम सुरू करताना पहिल्या वीस-पंचवीस नोंदी दोघांनी एकमेकांचे न पाहता भराव्यात आणि मग ओळीला ओळ लावून ताडाव्यात. जिथे फरक पडतो तिथे बहुधा माणूस चुकलेला नसतो, नियम लिहायचा राहिलेला असतो. तो नियम त्याच दिवशी तारखेसह लिहून ठेवावा. कोणतीही ओळ खोडायची नाही, ‘रद्द’ करून कारण द्यायचे. मोडी वाचणारा एकच असेल तर कागदाचे छायाचित्र नोंदीला जोडणे सक्तीचे करावे, म्हणजे वाचन पुन्हा तपासता येते.

अलीकडच्या घटनांना जास्त जबाबदारीने हात लावावा लागतो. नवी मुंबईच्या जमिनींसाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या आंदोलनात १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी उरण तालुक्यात गोळीबार झाला आणि पाच जण हुतात्मा झाले. ही एक घटना मानून एकच तारीख दिली तर दोन दिवसांपैकी एक पुसला जातो. म्हणून वर आंदोलन ही पालक घटना, तिच्याखाली दोन दिवसांच्या दोन उपघटना, प्रत्येकीला आपले स्थळ आणि आपली विधाने. इथे साक्षीदार हयात आहेत. मुलाखत घेण्याआधी लेखी संमती घ्यावी. त्यात नाव जाहीर करायचे की नाही, ध्वनिफीत कोणाला ऐकवायची आणि किती वर्षांनी खुली करायची, हे तीन प्रश्न वेगवेगळे विचारावेत. नाव नको म्हणणाऱ्याला व्यक्तींच्या तक्त्यात फक्त क्रमांक द्यावा आणि क्रमांक-नाव जोडणारी यादी मुख्य फाइलपासून वेगळी, कुलूपबंद ठेवावी. सांगणारा ‘त्या दिवशी दुपारी’ एवढेच म्हणाला तर तेवढेच लिहावे. वर्तमानपत्रातली वेळ त्याच्या तोंडी घालू नये.