झेंडूचा भाव आणि धक्काबुक्की

दसऱ्याच्या आदल्या संध्याकाळी ठाण्याच्या जांभळी नाक्यावर झेंडू घ्यायला गेलात, तर एवढं करून बघा. पहिल्या मावशीला भाव विचारा. समजा, ती म्हणाली "दीडशे". दहा पावलांवरची दुसरी "एकशे वीस" म्हणेल. फूल तेच, कदाचित एकाच टेम्पोतून उतरलेलं.

एरवी हा फरक टिकत नाही. गिऱ्हाईक चार ठिकाणी विचारतं, घासाघीस करतं आणि त्या पायपिटीतून भाव जुळत जातात. यातली मेख १९८० साली सॅनफर्ड ग्रॉसमन आणि जोसेफ स्टिग्लिट्झ या अर्थशास्त्रज्ञांनी दाखवली. भावच सगळं सांगू लागला, तर चौकशीचे कष्ट कोण घेणार? आणि कोणीच घेतले नाहीत, तर भावात माहिती येणार कुठून? म्हणून भावात थोडी चूक उरतेच. चौकशी करणाऱ्याची तीच मजुरी.

गर्दीत नेमकी ही चौकशी बंद पडते. मागून धक्के, दोन्ही हातांत पिशव्या. परत कोण फिरतंय! विकणारीचं लक्षही मालापेक्षा शेजारणीच्या टोपलीकडे. ती भराभर रिकामी होतेय ना, मग आपणही दहा रुपये चढवू.

सुशील बिखचंदानी, डेव्हिड हर्शलायफर आणि आयव्हो वेल्च या तिघा अर्थशास्त्रज्ञांनी १९९२ मध्ये अशा देखादेखीचं गणित मांडलं. पहिले दोघे एकाच बाजूला गेले की तिसरा स्वतःजवळची बातमी गुंडाळून त्यांच्यामागे जातो. यात मूर्खपणा नाही, त्याच्या जागी ते शहाणपणच. पण कल्याणहून अजून टेम्पो येतायत हे त्याला ठाऊक असलं, तरी ते त्याच्यापाशीच राहतं. पुढच्याला रांगेत पन्नास माणसं दिसतात, अक्कल मात्र दोघांचीच. अर्थात मूळ गणितात भाव स्थिर धरला होता. तो हलू लागला की कळप फुटू शकतो.

शेअर बाजारात सकाळच्या झुंबडीवर ऑक्टोबर २०१० पासून एक तोड आहे. नऊ वाजता सौदे लगेच होत नाहीत. आधी ऑर्डर गोळा करतात आणि ज्या भावाला सर्वांत जास्त शेअर हात बदलतील, त्या एकाच भावाला सगळ्यांचे सौदे लावतात. ऑर्डर घेणं नेमकं कोणत्या सेकंदाला थांबेल तेही आधी सांगत नाहीत, म्हणजे शेवटच्या क्षणी उडी मारण्यात अर्थ उरत नाही.

जांभळी नाक्यावर अशी सोय नाही. दसऱ्याच्या दुपारी दारोदार तोरणं लागलेली असतात. मावशी उरलेल्या झेंडूवर पाणी शिंपडत "पन्नासला घ्या" म्हणते, आणि तेव्हा घासाघीस करायला समोर कोणी नसतं.